दहापैकी तीन

सत्यशीला घरातून निघताना गॅसचं रेग्युलेटर तीनदा बघते. एकदा स्वयंपाक आटोपल्यावर, एकदा पायात चप्पल घातल्यावर, आणि एकदा अंगणातून परत फिरून. तिसऱ्या वेळी ती नुसतं बघत नाही. गुडघ्यावर बसते, चावी बोटाने दाबून पाहते आणि नळीला नाक लावते. दीपमाला, तिची मुलगी, तोवर रस्त्यावर ऑटोवाल्याला बोलण्यात गुंतवून ठेवते.

"आई, बंद आहे वं! मी केला ना बंद!"

"तू केला म्हणूनच पाह्यते."

देवराव ओट्यावर चहा पीत बसलेला असतो. बायकोचं हे रोजचं आहे, पण त्याला रोज नवं काहीतरी सुचतं. "सिलेंडरले बी आता तुही सवय झाली," तो म्हणतो. "एखाद दिवस हुंगलं नाही तर तेच इचारन, आज बाई काहून आली नाही म्हणून."

बुद्धपौर्णिमेला घरोघरी फोटोपुढे मेणबत्ती लागते, तशी तिच्याही घरी लागते. पण ती विझेपर्यंत सत्यशीला तिच्यासमोरून उठत नाही. आलेल्या पाहुण्यांना वाटतं, बाईची श्रद्धा मोठी. देवरावला खरं कारण माहीत आहे, आणि त्या एका दिवशी तोसुद्धा थट्टा करत नाही.

घाटंजीपासून तीनचार किलोमीटरवर, रस्त्याला लागून जिनिंग आहे. सत्यशीलाचा तिथला हा सत्ताविसावा हंगाम; आता दीपमालाही सोबत असते. दिवाळीच्या आसपास कापसाच्या गाड्या सुरू होतात, त्या होळीपर्यंत चालतात. कापूस रेच्यांतून, म्हणजे सरकी वेगळी करणाऱ्या यंत्रांतून, निघतो. सरकी खाली पडते आणि रुई हवेच्या जोराने मोठ्या नळातून पलीकडच्या खोलीत येऊन पडते. खोली म्हणायची, पण लग्नाचा मांडव मावेल एवढी. वर टिनाचं छप्पर, समोर एकच मोठं दार. तिथे बायका मांडीएवढ्या रुईत उभ्या राहून ती दोन्ही हातांनी प्रेसच्या तोंडाकडे लोटतात. प्रेसमधून रुईची दाबलेली गाठ बाहेर पडते. नाकातोंडावर पदर, भुवया पांढऱ्या, केस पांढरे. तरणी पोर संध्याकाळी म्हातारी होऊन बाहेर येते.

रुईची आग गवतासारखी नसते. गवत भडकतं, दिसतं, माणूस पळतो. रुईची आग आधी आत शिरते. एखादा खडा, विळ्याचा तुकडा, नटबोल्ट कापसातून रेच्यात जातो, ठिणगी उडते आणि रुईसोबत ढिगात येऊन पडते. वरून ढीग पांढराशुभ्र. आत ती ठिणगी उंदरासारखी पोखरत जाते, एक तास, दोन तास. मग कुठूनतरी वारा मिळतो.

सत्यशीलाने ती आग एकदा पाहिली आहे. सोळा वर्षं झाली. तिच्या डाव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत चामडी सुरकुतलेली आहे ती तेव्हाची. त्या दिवशी दार जवळ होतं म्हणून ती निघाली. लालीबाई पलीकडच्या कोपऱ्यात होती. जवळच्या तांड्यावरची, सत्यशीलाच्याच वयाची, डब्यातलं लोणचं सगळ्यांना वाटून झाल्यावर स्वतः जेवणारी. ती यवतमाळच्या दवाखान्यात चार दिवस होती, मग गेली.

हे सगळ्यांना ठाऊक आहे. जे कुणालाच ठाऊक नाही ते असं, की त्या सकाळी नऊ वाजता सत्यशीलाला वास आला होता. पोळी तव्यावर जरा जास्त राहिली की येतो तसा. जळाल्याचा नव्हे; जळण्याच्या जरा अलीकडचा. तिने मान वर करून पाहिलं. बाकीच्या बायका कुणाच्यातरी सुनेवरून हसत होत्या. मुकादम दारात उभा होता. बोलावं की नाही, बोलले आणि काही निघालं नाही तर दिवसभर आपलीच टर उडेल, असा विचार करत ती पुन्हा वाकली आणि रुई लोटू लागली. पावणेअकराला ढीग पेटला.

तेव्हापासून ती सगळ्यालाच भिते. आणि तेव्हापासून ती बोलतेही. ट्रकचा धूर आला तरी बोलते, कुणी बिडी ओढून आलं तरी बोलते. दरवर्षी नव्या आलेल्या पोरी आठ दिवसांत तिची नक्कल करायला शिकतात. बबिता त्यात सगळ्यांत पुढे. "आली वं माय, बंब आला!" सत्यशीला दारातून आत येताना ती ओरडते, आणि खोलीभर रुईसोबत हसू उडतं.

मागच्या हंगामात मालकाने आगीचा भोंगा बसवला होता. त्याचं काम सरळ होतं. पन्नास अंश झाले, किंवा धुरासारखं काही आलं, की बोंब; एकोणपन्नासला मुकाट. दुपारी टिन तापलं की तो बोंबलायचा, धूळ उडाली की बोंबलायचा. पहिल्या आठवड्यात बायका बाहेर पळाल्या. दुसऱ्या आठवड्यात चालत गेल्या. चौथ्या आठवड्यात कुणीतरी त्याच्यावर पोतं बांधलं आणि मग तो गोधडीत तोंड खुपसून रडणाऱ्या लेकरासारखा वाजत राहिला. त्याच हंगामात सत्यशीलाने दोनदा लाल बटण दाबून सगळ्या मशिनी बंद पाडल्या. दोन्ही वेळा ढीग उपसला, दोन्ही वेळा काही निघालं नाही. घनश्यामजी, तिथले मॅनेजर, शांत माणूस. पण दुसऱ्या वेळी त्यांनी बटणावर टिनाचं झाकण बसवून कुलूप लावलं आणि चावी टेबलाच्या खणात टाकली.

"सत्यशीलाबाई, तुमी जुन्या आहात म्हणून," ते म्हणाले. "तिसऱ्या वेळी घरी बसा लागन. माय असो का लेक, दोघी बी."

यंदा दिवाळी झाल्याझाल्या सुरभी आली. यवतमाळच्या इंजिनियरिंग कॉलेजात शिकवणारी, सव्वीससत्तावीसची पोरगी, गळ्यात ओळखपत्र, हातात वही. तिच्या सरांनी आणि तिने मिळून आगीची सूचना देणारी एक नवी यंत्रणा बनवायला घेतली होती आणि मालकाने ती इथे बसवायला होकार दिला होता. पण यंत्राला आधी शिकवावं लागतं, आणि शिकवायला जाणतं माणूस लागतं. तिने फिटरला विचारलं, मुकादमाला विचारलं. दोघांनी हसत एकाच दिशेला बोट दाखवलं.

सत्यशीला सरकीच्या पोत्यावर बसून डबा खात होती. सुरभी तिच्या शेजारी बसली.

"काकू, आग लागणार हे तुम्हाला आधी कसं कळतं?"

"कळत नाही मॅडम. भेव वाटते."

"कधी वाटतं?"

असं तिला आजवर कुणी विचारलं नव्हतं. तिने घास खाली ठेवला. "हात कोपरापर्यंत आत घातला का कवाकवा कोमट लागते. तेवढ्यानं काही नाही, उन्हानं बी होते. कवा थोडासा वास येते. तेवढ्यानं बी काही नाही, रस्त्यानं गाड्या जातात. पण कोमट बी लागलं, वास बी आला, अन् रुई कोरडी खट असली, का मंग माहे पाय कापतात."

सुरभी भराभर लिहीत होती. "म्हणजे जर कोमट, आणि थोडा वास, आणि कोरडी, तर भीती."

"हौ. लिहून काय करता याले?"

"हेच मशीनमध्ये घालायचं. जुना भोंगा फक्त हो की नाही एवढंच जाणत होता. ही मशीन विचारते, किती? पंचेचाळीस अंश म्हणजे थोडं कोमट पण आहे आणि थोडं गरम पण आहे, दोन्ही एकाच वेळी. तसाच वास. मग ती सगळं एकत्र तोलते आणि ठरवते, चालू द्यायचं, लक्ष ठेवायचं की थांबवायचं. याला फझी लॉजिक म्हणतात."

"मॅनेजरसायबाच्या घरच्या धुण्याच्या मशीनवर लिवलं आहे ते," दीपमाला मध्येच म्हणाली. ती बारावीनंतर दोन वर्षं कॉलेजला गेलेली. इंग्रजी पाट्या वाचायचं काम तिचं.

"बरोबर! कपडे किती, मळ किती, त्यावरून पाणी किती."

सत्यशीला विचारात पडली. "मंग त्यात नवीन काय? तेल तापलं का नाही, हे कोण हो-नाहीत सांगते? थोडं तापते, बरं तापते, मंग पुरी टाकतो आपण."

सुरभी हसली. "काकू, हेच शिकायला मला चार वर्षं लागली."

सलग तीन दिवस सुरभी येत राहिली. सत्यशीलाने तिला रुई मुठीत दाबून कोरडी कशी ओळखायची ते दाखवलं, धुळीचा वास आणि करपल्याचा वास यांतला फरक कागद जाळून दाखवला आणि त्या कागदावर लगेच तांब्याभर पाणी ओतलं. आयुष्यात पहिल्यांदा तिच्या भीतीला कुणी वही घेऊन ऐकत होतं. तिसऱ्या दिवशी ती घरून निघताना अंगणातून परत फिरली नाही, हे देवरावच्याही लक्षात आलं.

त्याच दिवशी सुरभीने आकडे मागितले.

"प्रत्येक गोष्टीला दहापैकी मार्क द्यायचे. नुसतं कोमट. भीती किती?"

"एक."

"नुसता थोडा वास?"

"दोन."

"आणि कोमट, थोडा वास, रुई कोरडी. तिन्ही एकदम?"

आठ. आकडा तिच्या जिभेवर आला होता. आठ, आणि लालीबाई आठवली तर नऊ. पण जेवणाची सुट्टी होती. बायका भोवती गोळा झाल्या होत्या. दारात घनश्यामजी हाताची घडी घालून उभे होते.

"लिवा मॅडम, दहापैकी पंधरा!" बबिता म्हणाली.

"पंधरात नाही मावत वं तिचं, दुसरं पान घ्या!" मागून कोणीतरी.

हसण्याचा लोट उठला. बबिता हसणारच, त्याचं सत्यशीलाला काही नव्हतं. पण दीपमालाही हसली. तोंड पदराआड लपवून, मान वळवून, पण हसली. ते तिच्या काळजात काट्यासारखं रुतलं.

"तीन," सत्यशीला म्हणाली.

सुरभीने वर पाहिलं. "नक्की? पाय कापतात म्हणाला होता तुम्ही."

"तीनच. त्यात कायचं एवढं भेव."

हसू थांबलं. घनश्यामजी म्हणाले, "वा, सत्यशीलाबाई. सुधारल्या." आणि ते वाक्य तिला घरी जाईपर्यंत, अगदी स्वयंपाकाला लागेपर्यंत गोड लागत राहिलं. रात्री तांदूळ निवडताना ते कडू व्हायला लागलं. उद्या सांगू, तिने ठरवलं. पण दुसऱ्या दिवशी सुरभी आली नाही. आली ती पंधरा दिवसांनी, दोन मेकॅनिक आणि खोकी घेऊन.

ढिगात खुपसून ऊब आणि ओल मोजायच्या लांब सळया लागल्या. छपराला धूर हुंगणाऱ्या डब्या लागल्या. दाराशी एक पडदा लागला, त्यावर धोका किती ते सांगणारा शून्य ते शंभर आकडा. चाळीसपर्यंत हिरवा, सत्तरपर्यंत पिवळा, त्यापुढे लाल, आणि लाल झाला की भोंगा वाजून सगळ्या मशिनी आपोआप बंद. यंत्र चांगलं निघालं. दुपारचं ऊन पडलं तरी ते गप्प राही, धूळ उडाली तरी गप्प. डिसेंबरात एकदाच वाजलं, आणि खरोखर नळाच्या मोटारीचा पट्टा घासून तापला होता. त्यावर पोतं बांधायचं कुणाच्या मनात आलं नाही. येताजाता सगळे त्याच्याकडे बघत आणि कामाला लागत. सत्यशीलाही बघायची. आपल्याच बोलण्यातून झालेलं ते. कौतुकही वाटायचं आणि बघवतही नसे.

जानेवारीतला मंगळवार होता. सकाळी एका रेच्यात खडा गेला, कर्र झालं, फिटरने काढून टाकला. रोजचंच. फाटकाबाहेर कापसाचे पाच ट्रक उभे होते आणि घनश्यामजी सकाळपासून फोनवर होते.

दुपारी दोनच्या सुमारास सत्यशीलाला वास आला.

पोळी तव्यावर जरा जास्त राहिली की येतो तसा.

तिचे हात थांबले. तिने श्वास रोखला, मग पदर नाकावरून काढून पुन्हा घेतला. गेला वास. मग पुन्हा आला. तिने ढिगात हात घातला, कोपरापर्यंत, दंडापर्यंत. कोमट. मूठभर रुई बाहेर काढून दाबली. ती कुरकुरली, कोरडी खट. तिच्या पोटऱ्या थरथरू लागल्या.

दाराशी पडद्यावर चौतीस. हिरवा.

खोलीत अकरा बायका होत्या. दीपमाला पलीकडच्या कोपऱ्यात होती. त्याच कोपऱ्यात. मध्ये ढीग पुरुषभर उंच, आणि दार एकच.

सत्यशीला घनश्यामजींकडे गेली. जाताना ती पळाली नाही. पळाली असती तर बबिता ओरडली असती.

"साहेब, चावी द्या. वास येऊन राह्यला."

त्यांनी फोनवर हात ठेवला, बाहेर येऊन पडद्याकडे पाहिलं. "पस्तीस. हिरवा आहे बाई."

"हिरवा आहे, पण कोमट बी आहे अन्..."

"तुमीच सांगतलेलं आहे ना त्याले समदं? तुमचंच डोकं आहे त्यात. कोमट किती, वास किती. मंग तुमी खरं का तुमचं डोकं खरं?" ते चिडून बोलत नव्हते, हेच वाईट होतं. "पाच गाड्या उभ्या आहेत. पिवळा होऊ द्या, मी सोता बंद करतो."

ती परत आत गेली, रुईतून वाट काढत कोपऱ्याकडे, आणि दीपमालाचं मनगट धरलं.

"चाल बाहेर."

"काहून?"

"चाल म्हणते ना. पाणी प्यायला चाल."

दीपमालाने तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि ओळखलं. "आई, मशीन गप आहे ना," ती दबक्या आवाजात म्हणाली. "अशी मधातून गेली तर समद्या हसतील मले."

सत्यशीलाचा हात सुटला. तिचंच वाक्य होतं ते, सोळा वर्षांपूर्वीचं; कुणापुढे कधी न उच्चारलेलं, तरी लेकीला आलेलं.

ती बाहेर आली. पाण्याच्या नळाजवळ, जिथे आवाज जरा कमी येतो तिथे उभी राहून तिने सुरभीला फोन लावला. दोनदा चुकलं, तिसऱ्यांदा लागला.

"काकू? बोला ना. मी लॅबमध्येच आहे. तुमचे आकडे दिसतात मला इथे. छत्तीस आहे, हिरवं."

"पोरी, मी तुले खोटं सांगतलं."

"काय?"

"ते तिन्ही एकदम असलं तर भेव किती, तू इचारलं होतं. मी तीन म्हणलं. तीन नव्हते. आठ होते."

"बदल ते," सत्यशीला म्हणाली. "आत्ता बदल."

"काकू, असं नाही करता येत. सरांना विचारावं लागतं, तपासावं लागतं. आणि..." सुरभी अडखळली. "रागावू नका. पण आज तुम्हाला भीती वाटते म्हणून मी आकडा फिरवला, तर मशीनचा उपयोग काय? मग ती तुमच्यासारखीच..."

"भेदरट होईन. हौ. म्हण." सत्यशीलाने नळाचा खांब धरला. "मी आज भेली म्हणून नाही सांगून राह्यली. मी त्या दिवशी भेलती. समद्या हसत होत्या, माही पोरगी हसत होती, म्हणून भेली अन् कमी सांगतलं. सोळा वर्षांआधी बी अशीच भेलती. सकाळी नऊ वाजता वास आलता मले. बोलली नाही. पावणेअकराले लालीबाई जळाली." एवढं बोलल्यावर तिचा श्वास संपला. मग हळूच म्हणाली, "माही दीपमाला आत आहे वं. त्याच कोपऱ्यात आहे."

मग फोनमधून बटणांची खटखट ऐकू आली.

"आठ," सुरभी म्हणाली. "टाकते मी. सरांना नंतर सांगेन. एक मिनिट लागेल, काकू. फोन ठेवू नका."

पण सत्यशीलाने फोन ठेवला होता. एक मिनिट बाहेर उभं राहणं तिच्याने होईना. सोळा वर्षं आगीला भिऊन जगलेली ती बाई पदर कमरेला खोचून पुन्हा आत शिरली. मांडीएवढ्या रुईत चालणं म्हणजे स्वप्नात पळणं; पाय उचलतो, माणूस तिथेच. दोनदा ती पडली. वास आता सलग येत होता. बबिता म्हणाली, "काय वं, पोहून राह्यली काय?" आणि कुणीतरी फिस्सकन हसलं.

तिने दीपमालाला मागून कमरेत धरलं आणि ओढलं.

"आई, सोड! काय करून राह्यली!"

"हसू दे. हसू दे त्याहिले. चाल."

तेवढ्यात भोंगा वाजला.

नंतर मुकादमाने सांगितलं, की पडद्यावर अडतीस होते आणि त्याच्या डोळ्यांदेखत एकदम चौऱ्याहत्तर झाले, लाल. रेचे एकामागून एक थांबले. नळातली हवा सुस्कारा टाकून थांबली. वर उडालेली रुई थांबलेल्या हवेत सावकाश खाली येऊ लागली. बायकांनी पडद्याकडे पाहिलं, एकमेकींकडे पाहिलं, आणि पळाल्या. अकराच्या अकरा. सत्यशीला आणि दीपमाला सगळ्यांत शेवटी, एकमेकींना ओढत.

घनश्यामजी धावत आले, चेहरा पांढराफटक. "पाइप आणा! पाणी चालू करा! मशीन म्हणते म्हणजे आहे काहीतरी आत!"

दोन माणसांनी लांब आकड्यांनी ढीग उकलायला घेतला. पहिला थर पांढरा. दुसरा थर पांढरा. बायका दारापासून वीसेक हातांवर घोळका करून उभ्या होत्या. बबिताने तोंड उघडलं, तिच्या जिभेवर काहीतरी आलंच होतं. तिसऱ्या थराला आकडा लागला आणि रुई पिवळी निघाली. तिच्याखाली तपकिरी. तिच्याखाली हात जाईल एवढं काळं बीळ, कोपऱ्याकडे वळत गेलेलं. क्षणभर त्या बिळाच्या तोंडाशी लाल काहीतरी उमललं. मग त्याला वारा लागला.

आवाज मोठा झाला नाही. गोधडी झटकावी तेवढाच. पण ज्वाला टिनापर्यंत गेली, आणि ज्या कोपऱ्यात पाच मिनिटांपूर्वी दीपमाला मांडीपर्यंत रुतून उभी होती, तो कोपरा एका दमात नारिंगी झाला. माणसं बाहेर उड्या मारून आली. पाइप आधीच धरलेला होता म्हणून पाणी लगेच पडलं. घाटंजीचा बंब येईपर्यंत अर्धा ढीग काळा चिखल झाला होता आणि उरलेला धुमसत होता. माणूस एकही आत नव्हतं.

सत्यशीला फाटकाजवळ मातीत बसली होती. घनश्यामजी फोनवर मालकाला सांगत होते, "नाही, कोणाले काही नाही. मशीननं वाचवलं साहेब. टायमावर बोलली." सांगता सांगता त्यांची नजर तिच्यावर पडली. त्यांना बहुतेक चावी मागायला आलेली बाई आठवली असावी, कारण ते मध्येच थांबले, आणि मग वळून खोलीमागे गेले. परत आले तेव्हा त्यांच्या हातात लाल बटणावरचं टिनाचं झाकण होतं. ते त्यांनी भंगाराच्या डब्यात टाकलं.

बबिता तांब्या घेऊन आली. "पे," म्हणाली. सत्यशीलाच्या हातातून पाणी सांडत होतं, म्हणून तिने तांब्या धरून ठेवला.

फोन वाजत होता. सुरभीचा, अकराव्यांदा. दीपमालाने उचलला. "हौ मॅडम, आहे. बसली आहे. नाही, बोलू नाही शकत आत्ता." ती ऐकत राहिली, बराच वेळ. ऐकता ऐकता आईकडे पाहत राहिली, सुरकुतलेल्या डाव्या हाताकडे, जणू तो हात तिने आजच पाहिला. फोन ठेवून ती आईजवळ मातीत बसली.

"लालीमावशीच्या दिवशी तुले वास आलता, हे मले कवा सांगतलं नाही तू."

"कोणालेच नाही सांगतलं."

"मी हसली होती ना त्या दिवशी. मार्काच्या टायमाले."

सत्यशीलाने लेकीच्या केसांतली रुई वेचायला सुरुवात केली, एक एक तंतू.

संध्याकाळी स्वयंपाक दीपमालाने केला. देवरावने सगळं ऐकलं, दोनदा ऐकलं, आणि चहाचा कप तसाच निवू दिला. तिघं जेवायला बसली. वरण, भात, भाकर. सुरभी उद्या येणार होती, तिच्या सरांना घेऊन; सगळ्याच बायकांना नव्याने आकडे विचारणार होती, आणि या वेळी एकेकीला वेगळं बसवून, बाकीच्यांच्या मागे.

अर्ध्या जेवणात दीपमालाचा हात थांबला.

"आई, गॅस पाह्यला?"

सत्यशीला दचकली. पाहिला नव्हता. सोळा वर्षांत पहिल्यांदा ती विसरली होती. ती उठू लागली. पण दीपमाला उष्ट्या हाताने तिच्याआधी उठली.

दीपमाला सिलिंडरपुढे गुडघ्यावर बसली. चावी दाबून पाहिली. वाकून नळीला नाक लावलं.

"बंद आहे."

"नक्की?" सत्यशीलाने विचारलं.

नेहमीसारखं हो म्हणायला दीपमालाने मान वर केली, पण म्हणाली नाही.

"थांब," ती म्हणाली, "परत पाह्यते." आणि पुन्हा वाकली.